पायातून निसटणारी चप्पल

ओटीपोटावरील रेडिएशन संपून कित्येक वर्षे लोटल्यावर चालता चालता पायातली चप्पल नकळत निसटू लागली, तर घरात बहुधा वयाला नाहीतर सैल पट्ट्याला दोष दिला जातो. प्रत्यक्षात, कमरेच्या मणक्यांतून निघून पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, म्हणजे लंबोसॅक्रल प्लेक्ससला, झालेल्या इजेची ती पहिली खूण असू शकते. किरणांमुळे या तंतूंभोवतीच्या पेशीजालात कठीण तंतुमय भाग वाढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि पायातला दुबळेपणा काही महिन्यांनी, कधी दशकांनीही, उघड होतो.

इजा इतक्या उशिरा दिसते, म्हणून देहात किरण उरले असावेत असे वाटू शकते. सिडनीच्या हंटर्स हिल भागात १९११ पासून काही वर्षे, दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेडियम हिलच्या खनिजातून रेडियम काढण्याचा कारखाना चालला, आणि तिथली जमीन शतकानंतरही किरणोत्सर्गी राहिली. रुग्णाच्या देहाचे तसे नसते. बाहेरून दिलेले किरण त्या क्षणीच संपतात, इजा मात्र पुढे सरकत राहते.

चप्पल पुन्हा निसटली की मनात पहिली भीती येते ती कॅन्सर उलटल्याची. गाठ परतली असेल तर बहुधा वेदना आधी, एका बाजूला येते. रेडिएशनच्या इजेत पुष्कळदा दुबळेपणा आधी, दोन्ही पायांत, जाणवतो. पण या भेदावर विसंबता येत नाही, म्हणून एमआरआय आणि स्नायूंतील विद्युतसंदेश मोजणारी ईएमजी तपासणी करावी लागते. इजा उलटवणारे खात्रीचे औषध नाही. फिजिओथेरपी, पाऊल उचलून धरणारा पट्टा आणि वेदनाशामके एवढाच आधार असतो.

महाराष्ट्रात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेली आई मुलांकडे मेलबर्नला राहायला आली, की तिथल्या डॉक्टरांना किती ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा, कोणत्या भागावर, आतून रेडिएशन दिले होते का, हे सारे हवे असते, आणि ती फाइल गावच्या कपाटात असते. हा कॅन्सर मुळातच टाळावा म्हणून ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँड विद्यापीठातील इयान फ्रेझर व जियान झोऊ यांच्या संशोधनातून उभी राहिलेली, या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरील लस २००७ पासून शाळकरी मुलींना दिली, डिसेंबर २०१७ पासून पेशी तपासणाऱ्या पॅप चाचणीऐवजी एचपीव्ही चाचणी आणली, आणि २०३५ पर्यंत हा कॅन्सर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरणार नाही असे ध्येय ठेवले. हे यश थोर आहे, तरी त्याआधी शेक घेतलेल्या बायका उरतातच. पाच वर्षांच्या तपासण्या संपल्या की त्यांच्या पायांची विचारपूस करायला कुणी नसावे, हा अन्याय आहे. शेवटच्या शेकाच्या दिवशीच मात्रेचा कागद आणि पायांबद्दलची सूचना त्यांच्या हाती पडली पाहिजे, त्यांना वाचता येईल अशा भाषेत.