आधी पडायला शिका



काही दिवसांपूर्वी दवाखान्यात तिशीतला एक तरुण आला. तक्रार अशी, की रविवारी संध्याकाळ झाली की पोटात जळजळ सुरू होते, रात्री झोप तुटते आणि सोमवारी सकाळी छातीत धडधडतं. ईसीजी काढला, नॉर्मल. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, सगळं ठीक. मी चिठ्ठी लिहीत होते, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "मॅडम, नोकरी बदलायचीय. दोन वर्षं झाली, राजीनामा लिहून ठेवलाय. देण्याची हिंमत होत नाही. तुम्ही कधी असं काही केलंय का?"

बाहेर चौदा पेशंट बसले होते. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि त्याला पुढची तारीख दिली. उरलेलं उत्तर आज इथे लिहिते आहे. त्यासाठी थोडं मागे, १९८६ सालच्या उन्हाळ्यात जावं लागेल.

गोदामासमोरचा कोबा

माझं माहेर असोदा. जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर. बाहेरच्या लोकांना ते बहिणाबाईंचं माहेर म्हणून माहीत असतं, आणि खाणाऱ्यांना भरताच्या वांग्यांसाठी. त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. सुट्टीत मुंबईचा आतेभाऊ आला, तो स्केटिंगचे स्केट्स घेऊन. लोखंडी पट्टीला चार चाकं, पुढे-मागे सरकवून मापाला बसवायचे आणि चामडी पट्ट्यांनी बुटावर आवळायचे.

गावात ते चालवणार कुठे? गल्लीत माती, अंगणात शेणाचा सडा. सपाट जागा एकच, सोसायटीच्या गोदामासमोरचा सिमेंटचा कोबा. खताची पोती उतरायची नसली की तो आमचा.

पहिल्या दिवशी माझ्या दादाने स्केट्स घातले, चार पावलं गेला आणि पाठीमागे पडला. पडताना हात मागे टेकवला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आईने स्केट्स माळ्यावर टाकले आणि विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. आतेभाऊ परत गेला, स्केट्स राहिले. दुपारी सगळे झोपले की मी ते फ्रॉकच्या ओच्यात लपवून कोब्यावर न्यायची, पट्ट्या बांधायची आणि गोदामाच्या भिंतीला धरून उभी राहायची. पाच दिवस मी फक्त उभी राहिले. हात भिंतीवरून सुटेना. डोळ्यांसमोर दादाचं प्लास्टर.

सहाव्या दिवशी आप्पांनी पाहिलं. आप्पा म्हणजे माझे चुलत आजोबा. तरुणपणी कुस्त्या खेळलेले. मला वाटलं, आता आईला सांगणार. ते जवळ आले, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "इतकं भेव कायचं पोरी? पडशीन म्हनून? मंग पहिले पडालेच शिक."

त्यांनी गोदामातून चार गोणपाटं आणली, एकावर एक टाकली आणि मला पडायला लावलं. आखाड्यात पोराला डावाआधी पडायला शिकवतात, म्हणाले. गुडघे वाक. मागे जाऊ नको, कुशीवर जा. हनुवटी छातीला. मुठी मिटून हात पोटाशी. त्या दुपारी मी वीस-पंचवीस वेळा पडले. दुसऱ्या दिवशी भिंत सोडली.

आप्पांचं बरोबर होतं

पुढे डॉक्टर झाल्यावर आप्पांच्या धड्याचा अर्थ कळला. पडताना आपण हात पसरून टेकवतो, ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. सगळं वजन पंजावरून मनगटात जातं आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड, ज्याला रेडियस म्हणतात, ते मनगटाजवळ मोडतं. लहान मुलांची हाडं लवचीक असल्याने ती कधी ओल्या फांदीसारखी एका बाजूने चिरतात. पन्नाशी उलटलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायका ओल्या बाथरूममध्ये पडल्या, की त्यांचंही हेच हाड मोडतं. गुडघे वाकवले की शरीराचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि पडण्याची उंचीच कमी होते. कुशीवर पडलं की मार मांडी आणि कुल्ल्याच्या मांसल भागावर वाटला जातो. (हा सल्ला मुलांसाठी आणि तरुणांसाठी. साठीनंतर कुशीवर पडण्यात खुब्याच्या हाडाला धोका असतो, तिथे न पडण्याचीच काळजी घ्यावी.) तुमची मुलं स्केटिंग शिकत असतील तर हेल्मेटसोबत मनगटाचे गार्डही घ्या. गुडघ्याचे पॅड सगळे घेतात, मनगट विसरतात.

मला सर्वांत अवघड गेलं वळणं. नंतर वाचलं, की ही अडचण स्केट्सइतकीच जुनी आहे. अठराव्या शतकात जॉन जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर लंडनच्या एका मेजवानीत पायाला चाकं लावून व्हायोलिन वाजवत शिरला. त्या चाकांना ना थांबता येत होतं ना वळता. तो थेट एका महागड्या आरशावर जाऊन आदळला, असं सांगतात. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने असे स्केट्स बनवले, की अंग ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला चाकं वळतील. माझ्या लोखंडी स्केट्सचं तत्त्वही तेच. वळायचं तर झुकावं लागतं, आणि झुकताना क्षणभर वाटतंच की आता पडणार. ताठ उभं राहिलं तर पडण्याची भीती कमी वाटते, पण मग भिंत येईपर्यंत सरळच जावं लागतं.

माझी भिंत

आता मोठेपणीची गोष्ट. जळगावातल्या एका खासगी रुग्णालयात मी अकरा वर्षं नोकरी केली. रुग्णालयाबद्दल तक्रार नाही. पगार वेळेवर, सहकारी चांगले. पण महिन्यात दहा-बारा रात्रपाळ्या, आणि त्या संपल्यावरही काम संपत नसे. चाळिशी ओलांडल्यावर माझं गणित बिघडू लागलं. पहाटे तीनला जाग, दिवसा चिडचिड, ड्युटीच्या आदल्या संध्याकाळी ॲसिडिटी. एकदा सहज बीपी मोजलं, १५०/९६. एका मोजणीवरून निदान करत नाहीत, म्हणून आठवडाभर घरी मोजलं. ड्युटीच्या दिवसांत जास्त, सुट्टीत कमी.

गावात स्वतःचा दवाखाना टाकायचा, ही इच्छा जुनी होती. पण फ्लॅटचं कर्ज होतं, मुलगी चौथीत होती, आणि पन्नाशीकडे जाताना पगार सोडायचा म्हणजे काय, हे सासरी-माहेरी सगळे ऐकवत होते. मी स्वतःला रोज त्यांच्याहून जास्त ऐकवत होते. पेशंटना सांगायची, "ताण कमी करा." स्वतः मात्र भिंतीला धरून उभी.

२०१९ च्या उन्हाळ्यात मुलीने स्केटिंगचा क्लास लावला. एके दिवशी म्हणाली, "मम्मी, तुला येतं म्हणतेस ना? मग दाखव." तिच्या मैत्रिणीच्या आईचे स्केट्स मापाचे निघाले. तेहतीस वर्षांनी मी पायाला चाकं बांधली. पहिल्या दोन मिनिटांत पडले, कुशीवर. उठले, गुडघे वाकवले, आणि पाय चालू लागले. मुलगी टाळ्या वाजवत होती. मला आप्पांची गोणपाटं आठवत होती.

इतक्या वर्षांनी पाय कसे चालले, तेही सांगते. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कुठे वळलं हे त्या मेंदूला कळवतात. लहान मेंदू त्यावरून स्नायूंना तोल सांभाळायला लावतो. असं शिकलेलं कौशल्य नावं-तारखा लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीपेक्षा वेगळ्या यंत्रणेत साठतं, म्हणून पोहणं आणि सायकल आपण सहसा विसरत नाही.

भीतीचं शरीरशास्त्र

भीतीसाठी मेंदूत एक बदामाएवढा भाग आहे, अमिग्डाला. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. ॲड्रेनालिन स्रवतं, नाडी वाढते, घाम येतो, पचन मंदावतं. ही घंटा साप आणि राजीनामा यांत फारसा फरक करत नाही. साप निघून जातो आणि नाडी खाली येते. "करू की नको" हा प्रश्न दोन वर्षं डोक्यात राहिला, तर घंटाही थांबून थांबून दोन वर्षं वाजते. त्या तरुणाची रविवारची जळजळ खोटी नव्हती. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्रास नाही, असं नसतं.

यात एक सापळा आहे. भीती वाटली की आपण ती गोष्ट टाळतो. टाळली की लगेच बरं वाटतं. मेंदू नोंद करतो, "टाळलं म्हणून वाचलो." पुढच्या वेळी भीती मोठी होते. यावरचा उपचार म्हणजे भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं, सुरक्षित पद्धतीने सामोरं जाणं. मानसोपचारात हेच करतात. आप्पांनी गोणपाटावर हेच केलं होतं.

जास्त कामाचे परिणाम मनापुरते राहत नाहीत, हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

माझी गोणपाटं

त्या उन्हाळ्यात मी राजीनामा दिला नाही. आधी पडण्याची तयारी केली. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे पैसे वेगळे ठेवले. रुग्णालयाकडून मिळणारा विमा नोकरीबरोबर जाणार होता, म्हणून आधी स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी काढली. दर रविवारी सकाळी असोद्याला आईच्या घराच्या ओसरीत बसून पेशंट तपासायला लागले. पहिल्या रविवारी तिघं आले, त्यात दोन नातेवाईक. तिसऱ्या महिन्यात पंचवीस. मग राजीनामा दिला. हात थरथरत होता, हे कबूल करते. ऑक्टोबर २०१९ मध्ये दवाखाना सुरू झाला.

आणि मी पडले. पाच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. लोक घराबाहेर पडेनात, दवाखान्यात दिवसाला चार पेशंट, हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला. त्या महिन्यांत अनेक रात्री वाटलं, चुकलंच. पण बाजूला ठेवलेल्या पैशांनी तोवर तारलं. कुशीवर पडले होते, मनगट शाबूत होतं. वर्षभराने गाडी रुळावर आली. बीपी आज गोळीशिवाय १२६/८२ असतं. ते नोकरी बदलल्याने, की पुरेशा झोपेमुळे, की रोजच्या चालण्यामुळे, मी सांगू शकत नाही. बहुधा तिन्हींमुळे.

तुमच्यासाठी

नोकरी सोडा, असं मी कुणालाही सांगत नाही. अनेकांना ते शक्य नसतं, आणि अनेकांना त्याची गरजही नसते. पण मनात तो विचार असेल तर एवढं करा.

आधी तपासणी. सततचा थकवा रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही येतो. दोष नोकरीला देण्याआधी तेवढं बघून घ्या.

झोप नसताना निर्णय नको. सलग दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर आधी उपचार, मग राजीनामा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, लगेच मदत घ्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं.

विमा आधी. जुन्या आजारांसाठी पॉलिसीत प्रतीक्षा काळ असतो. नव्या नियमानुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. म्हणजे घड्याळ जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं.

आणि एक धोक्याची खूण. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, दम, असं झालं तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका. तडक रुग्णालय गाठा. टेन्शन आहे की नाही ते ईसीजी झाल्यावर ठरवू.

तो तरुण पुढच्या महिन्यात दाखवायला येईल. राजीनामा दिला का, हे मी विचारणार नाही. तो त्याचा निर्णय. पॉलिसी काढली का, हे मात्र नक्की विचारणार.

काळजी घ्या.