हवा कुठनं घेतंय?

मिनेसोटातल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी एक जुनी स्नोमोबाइल घेतली. १९९८ सालची, तीन सिलिंडरची, सातशे सीसी, टू-स्ट्रोक. दोरी ओढली की निळसर धूर निघायचा आणि त्या वासासरशी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या गॅरेजात पोहोचायचो. तिथं आरएक्स हंड्रेड खोलत-जोडतच मी मोठा झालो. टू-स्ट्रोक आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

तो जानेवारीत एका गोठलेल्या तळ्यावर मोडला. उणे वीस अंश, समोर सपाट बर्फ, थ्रॉटलवर अंगठा पूर्ण दाबलेला. इंजिनाचा आवाज क्षणभर चिरका झाला आणि गाडी जागीच अडली. घरी ओढून आणून प्लग काढले. दोन चहाच्या रंगाचे, अगदी हवे तसे. मॅग्नेटोच्या बाजूचा मात्र पांढराफटक, आणि टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक चंदेरी दाणे. पिस्टन सीझ.

कारण मला लगेच ‘कळलं’. थंड हवा दाट असते, पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन होतं आणि पिस्टन तापतो. मी कार्ब्युरेटर साफ केले, मोठे मेन जेट घातले, नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या. शंभरेक किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा सीझ. सिलिंडर तोच.

रात्री मामाला फोन लावला. त्यानं स्नोमोबाइल जन्मात पाहिलेली नाही. सगळं ऐकून म्हणाला, “तीन सिलिंडर आहेत न्हवं? मग दरवेळी त्योच का जातोय? पिस्टनला कशाला शिव्या देतोस, हवा कुठनं घेतंय ते बघ की.”

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं. तिथं कुठं फट असली, तर कार्ब्युरेटरला न विचारता हवा आत येते. जेट कितीही बदला, उपयोग नाही. मी इनटेक-एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद केली आणि हातपंपानं सात पीएसआय दाब भरला. दोन सिलिंडरांनी तो धरून ठेवला. तिसऱ्याचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. फ्लायव्हील काढून क्रँकच्या सीलवर साबणाचं पाणी सोडलं, तर काठानं बुडबुड्यांची माळ! क्रँककेस उघडून सील बाहेर काढलं आणि नख लावलं. रबर कसलं, वाळलेलं कातडं. इतक्या वर्षांत ते कडक झालं होतं. क्रँककेस उघडलीच होती, म्हणून दुसऱ्या टोकाचं सीलही बदललं.

साधं इंजिन आपल्या चुका पोटात घालतं. जास्त ताकदीसाठी बांधलेलं इंजिन घालत नाही, आणि वय झाल्यावर तर नाहीच. म्हणून आता माझे काही नेम आहेत. हंगामाआधी दाबाची चाचणी. निघण्यापूर्वी मागची बाजू स्टँडवर उचलून इंजिन हळू चालवायचं आणि मागच्या हीट एक्स्चेंजरची ऊब हाताला लागेपर्यंत अंगठा आवरायचा. कारण पिस्टन आधी फुगतो, गार सिलिंडर मागून. इथे अशा गाड्यांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं, तेच भरायचं. वसंतात गाडी ठेवून देताना कार्ब्युरेटर रिकामे करायचे आणि इंजिनात फॉगिंग ऑइल मारायचं.

त्यानंतर पाच हिवाळे झाले, पिस्टन तेच आहेत. तुमच्याकडे जुनी टू-स्ट्रोक असेल, मग ती बर्फावरची असो की रस्त्यावरची, तर एवढं ऐका: नवा पिस्टन टाकण्याआधी जुना का गेला ते शोधा. सील पिस्टनपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं.