पिकअप की पकड?

बोनसमधले ऐंशी-नव्वद हजार रुपये गाडीवर घालायचे, हे घरी मान्य करून घेतलं होतं. गाडीचा हप्ता संपल्याचा दाखला दिला, पुढच्या सुट्टीतली सहल कबूल केली आणि परवानगी मिळाली. नेमके कुठे घालायचे, इंजिनाच्या ताकदीवर की सस्पेन्शनवर, हे मात्र काही केल्या ठरेना.

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१५ची, सेकंडहँड. बनली आमच्या चाकणला, पण मी घेतली ती केए पाटीची. कोल्हापूरहून एमएच-०९ची गाडी आणून बेंगळुरूत कायमची वापरायची म्हणजे एनओसी, आरटीओच्या खेपा आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. इथल्या मराठी मंडळींच्या गप्पा घरभाड्यावरून सुरू होतात आणि चहा येईपर्यंत या टॅक्सवर पोचतात. तो ताप मला नको होता.

१.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, हा कंपनीचा दावा. २०१३ मध्ये ही आली तेव्हा एवढ्याशा गाडीत असा ऐवज क्वचित मिळायचा. २०२२ला भारतात पोलोच बंद झाली आणि ज्यांच्याकडे होती त्यांचा तिच्यावरचा जीव दुप्पट झाला. आणि आमच्या मंडळींचा जीव जडला की पाना-स्क्रू ड्रायव्हर बाहेर निघतोच.

बेंगळुरूत या नादाला खतपाणी भरपूर. जेसी रोडवर सुटे भाग, पीण्यात हवं ते घडवून देणारे कारखाने, आणि गाडीवेडे आयटीवाले गल्लोगल्ली. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, हवा विरळ. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद इथे जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते, आणि किनारपट्टीवरून बदली होऊन आलेला माणूस ‘गाडीला पिकअप राहिला नाही’ म्हणून सर्विस सेंटरला खेपा घालतो. टर्बोवाल्याला ती झळ फारशी लागत नाही. म्हणून इथे टर्बो गाड्यांना भाव, आणि त्यांच्या रिमॅपला त्याहून जास्त.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले हिशेब बदलणं: टर्बोचा दाब किती, ठिणगी कधी, पेट्रोल किती. एकही नटबोल्ट खोलायचा नाही. लॅपटॉप जोडला, दुपारचं जेवण झालं, की गाडी तयार. खर्च चाळीस हजारांच्या घरात. माझा एक बेळगावचा मित्र, ऑफिसातलाच, त्याचीही पोलो तीच. त्याने रिमॅप केला त्या दिवशी मी सोबत होतो. गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोलरवर चढवली, पट्ट्यांनी आवळली, नाकासमोर मोठा पंखा लावला. इंजिन लाल रेषेपर्यंत ओरडलं, रबराचा वास सुटला आणि पडद्यावर दोन रेघा उमटल्या: खालची आधीची, वरची आत्ताची. तीसेक अश्वशक्तीचा फरक. मित्राने तो कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला. परतीच्या वाटेवर त्याने एकदा पाय दाबला आणि पोटात गोळा आला. खोटं कशाला बोलू, मलाही ते तिथल्या तिथे हवंसं झालं.

ताकदीची विक्री सोपी होते ती या कागदामुळे. सस्पेन्शनचा असा कागद निघत नाही. ‘वळणात गाडी आता कमी कलते’ हे कुणाला दाखवणार?

पण हिशेब करायला बसलो की अडायचं. टॉमटॉम या कंपनीच्या पाहणीत २०२२ मध्ये बेंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. जगात लंडनच्या खालोखाल. म्हणजे ताशी वीस-एकवीस. सिल्क बोर्ड चौकातल्या रांगेत १०५ घोडेसुद्धा उभेच असतात, आणखी तीस आणून बांधायचे कुठे? मोकळा रस्ता म्हणून म्हैसूर एक्स्प्रेसवे धरावा, तर तिथे मर्यादा शंभरची आणि वर कॅमेरे. शंभरला आमची गाडी आत्ताच सातव्या गिअरमध्ये आळस देते. त्यातून या डीएसजीचे क्लच कोरडे, आणि तो गिअरबॉक्सच बनवलाय २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी. रिमॅपनंतर त्या हद्दीच्या बरंच जवळ जायला होतं. कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर काय काय तपासू शकतो, हा विषय रिमॅपवाल्यांच्या दुकानात कुणी काढत नाही.

मग सस्पेन्शन? तिथेही भाबडेपणाला जागा नव्हती. एका ओळखीच्याने अशाच गाडीला आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या होत्या. गाडी दिसायला झकास. चाकाच्या वरची पोकळी गायब. त्याच्या शेजारी बसून बनशंकरीपासून जयनगरपर्यंत गेलो आणि कमरेने निषेध नोंदवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी ताशी पंचवीसने सुखाने पार होते. आमच्या गल्लीतल्या हम्पला हे कुणी कळवलेलं नाही. तो ओळखीचा प्रत्येक हम्प तिरपा घेत होता, आणि तरीही पोटाला घासल्याचा आवाज यायचाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खडबडीत वळणात त्याचं चाक रस्त्यावरून उड्या मारत होतं. चाक हवेत असेल तेवढा वेळ ना ब्रेक, ना स्टिअरिंग. कडक गाडी म्हणजे पकडीची गाडी, हे गुळगुळीत ट्रॅकवरचं सत्य आहे. श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर कडक स्प्रिंगा टाकाव्यात.

दिवाळीला कोल्हापूरला गेलो. काकांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. त्यांच्याकडे एकेकाळी १.६ची पालिओ होती, फियाटच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, शंभर हॉर्सपॉवरची; सचिन तिची जाहिरात करायचा. पेट्रोल पिऊन पिऊन तिने काकांना जेरीस आणलं, तरी ते तिच्याबद्दल वाईट शब्द ऐकून घेत नाहीत. त्यामुळे ते ताकदीच्या बाजूने बोलतील असा माझा अंदाज. मी रिमॅप, स्प्रिंगा, आकडे, सगळं ऐकवलं. ते मधेच उठले, ओला बोळा घेऊन पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरची बाजू पुसायला लागले.

‘‘हे टायर कवा घातलास?’’

‘‘गाडीबरोबरच आले, काका.’’

पुसलेल्या जागी चार आकडे दिसले: २३१७. काकांनी खोबणीत अंगठ्याचं नख रोवून बघितलं. नख रुतलं नाही.

‘‘सतरा सालचा तेविसावा आठवडा. खोबण हाय अजून, पण रबर मेलं. ह्यो टायर न्हवं, लाकूड हाय. आनि ह्येच्यावर तू घोडं वाढवायला निघालास?’’

मग त्यांनी पुढच्या मडगार्डवर सगळा भार टाकून गाडी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. ‘‘एकदा वर येऊन गप बसाय पायजे,’’ म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर महिनाभरात मी आणि तो बेळगावचा मित्र कोल्ली हिल्सला गेलो. तामिळनाडूत नामक्कलजवळचा हा घाट. सत्तर हेअरपिन वळणं, प्रत्येकाला नंबर. (बेंगळुरूकरांचा पहिला घाट नंदी हिल्सचा, पण रविवारी सकाळी तिथे वळणांपेक्षा सेल्फी काढणारे जास्त चुकवावे लागतात.) शर्यत वगैरे नव्हती, समोरून बस येते आणि हेअरपिनवर अख्खा रस्ता तिचा असतो. गाडी मित्राची, मी शेजारी. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना तो पाय द्यायचा, की आतलं पुढचं चाक फिरायचं, डॅशबोर्डवर ईएसपीचा पिवळा दिवा लुकलुकायचा आणि कॉम्प्युटर ताकद कापून टाकायचा. वळण आलं की हेच. चाळीस हजार देऊन चढवलेले घोडे गाडी स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवत होती. उतरताना तर इंजिनाचा प्रश्नच नाही. तिथे भार ब्रेकवर, आणि आमच्या पोलोला मागे ड्रमच. अर्ध्या घाटात त्याच्या पुढच्या चाकांना जळका वास यायला लागला आणि पेडल खोल जायला लागलं. वळणाजवळच्या मोकळ्या जागेत थांबलो, बॉनेट उघडं टाकून शेंगा खाल्ल्या. ताशी ८०वरून १००वर जाताना वेग पावपटीनेच वाढतो, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा दीडपटीच्या वर जाते. हे गणित दोघांनाही कॉलेजपासून पाठ होतं.

खरं तर ताकदीबरोबर पकड आणि ब्रेकही वाढवायचे, हे कारखानेवाले बिनबोलता पाळतात. फियाटने २०१५ मध्ये रांजणगावहून अबार्थ पुंटो आणली, १४५ अश्वशक्तीची. तेव्हा नुसतं इंजिन बदललं नाही, गाडी खाली बसवली आणि चारही चाकांना डिस्क दिल्या. आणि उलटं उदाहरण मिनी कूपर एसचं. १९६४च्या माँटे कार्लो रॅलीत १०७१ सीसीच्या त्या डबीने भल्यामोठ्या व्ही-८ फोर्ड फाल्कनना मागे टाकलं. नियमांतल्या वजनाच्या हिशेबाचा तिला थोडा हातभार लागला, हे खरं. पण बर्फाच्या वळणावर मोठ्या इंजिनाचं फारसं चालत नव्हतं, हेही तितकंच खरं.

बेंगळुरूला परतल्यावर विल्सन गार्डनमधल्या माझ्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. गाडी लिफ्टवर घेतली, त्यांनी पुढच्या शॉकअपवरून बोट फिरवलं आणि काळं, चिकट बोट माझ्यापुढे धरलं. ‘‘तेल छोड दिया साब. पहले ये करो, पिकअप का बात बाद में करेंगे.’’

मग ठरवायला फार काही उरलंच नाही. चारही शॉकअब्सॉर्बर नवे, गॅसचे, पण उंची कंपनीचीच. वरचे माउंट आणि बंप स्टॉपही नवे, कारण जुने ठेवले की मजुरी पुन्हा. टायर मूळ मापाचेच, १८५/६० आर१५, फक्त मऊ रबराचे आणि ओल्या रस्त्याला धरणारे. दुकानदार सोळा इंची अलॉय गळ्यात मारायला बघत होता. फोटोला छान, पण रिम मोठी तशी टायरची भिंत आखूड, आणि आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचा मार मग सरळ रिमला. पुढचे ब्रेक पॅड जास्त उष्णता सोसणारे घेतले. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. डॉट-४ तेल हवेतलं पाणी पितं. नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत न उकळणारं तेल ओलावल्यावर १५५च्या आसपास उकळू शकतं, आणि बुडबुडे झाले की पेडल खोल जातं. घाटातल्या त्या पेडलचं अर्धं उत्तर बहुधा इथेच असावं. शेवटी अलाइनमेंट. पुढच्या चाकांचा टो बराच बाहेर होता. गाडी डावीकडे ओढते ती रस्त्याच्या उतारामुळे, असं मी समजत होतो.

या सगळ्यात पंधराएक हजार उरले. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘पैसे घातले म्हणतोस, ते दिसतायत कुठे?’’

दिसत काहीच नाही. कळतं ते हायवेवर, चित्रदुर्गाजवळ. ट्रकने अचानक लेन बदलली म्हणून स्टिअरिंग वळवून परत आणलं, तर गाडी एकाच हालचालीत बाजूला होऊन स्थिरावते. पूर्वी ती मागून आणखी एकदा डोलायची. कोल्ली हिल्सला पुन्हा गेलो तेव्हा १०५ घोडे होते तेवढेच होते. पण ते सगळे रस्त्याला लागत होते, पिवळा दिवा क्वचितच दिसला आणि उतरताना शेंगा खायला थांबलो ते भूक लागली म्हणून.

रिमॅपवाल्याचे मेसेज अजून येतात, गणपतीला एक ऑफर, दसऱ्याला दुसरी. मी नाही म्हटलेलं नाही. तुमकूरच्या अलीकडे समोर ट्रकची माळ लागली की तो मेसेज आठवतोही. पण उरलेल्या पंधरा हजारांचं काम उस्तादांनी आधीच दाखवून ठेवलंय. लोअर आर्मच्या बुशचं रबर भेगाळलंय. टॉर्च मारून स्वतः पाहिलं. पुढच्या सर्विसला ते बदलायचं.