घायपाताला हात लावण्यापूर्वी

मोठा घायपात काढायला आधी पहार लागत नाही, सुतळी लागते. पानांची टोकं कात्रीनं उडवायची, तीही काळा काटा जाईल इतकीच. पान कापलं गेलं तर रस गळतो आणि त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कातडीत रुततात. खाज सहजी जात नाही. मग खालच्या पानांपासून फेर घालत सगळं झाड वरच्या बाजूला आवळून बांधायचं. एवढं झालं की बुंध्यापाशी बसता येतं. खरं काम तिथेच आहे.

धार आणि देवासमध्ये पवारांच्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांची परसं अजून बऱ्यापैकी मोठी आहेत. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदली. मागच्या भिंतीलगत घायपात, थोर, फड्या निवडुंग लावलेले असत. गुरं आत शिरत नाहीत आणि पाणी घालावं लागत नाही, याहून स्वस्त कुंपण कुठलं? आता वाटण्या होतात, गाडीला जागा लागते, नातवंडं अंगणात पळतात. मग आमच्यासारख्यांना बोलावणं येतं: “हे सगळं साफ करून द्या.”

मी आधी प्रत्येक झाड वेगळं पाहतो. थोर इथलाच, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, काही काळ दिसेनासंही होतं. म्हणून चष्मा लावल्याशिवाय मी माणसाला कोयता हातात घेऊ देत नाही. घायपात आणि फड्या निवडुंग अमेरिकेकडून आलेले. निवडुंगाच्या फडीवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो चिमटीत चिरडून पाहा, बोटं गर्द लाल होतात. तो कोचिनील जातीचा किडा. 1795 मध्ये लाल रंगाच्या व्यापारासाठी असा किडा ब्राझीलहून बंगालमध्ये आणला गेला. आला तो रंगाला बेताचाच, भलत्याच जातीचा. पण निवडुंग मात्र त्यानं झपाट्यानं फस्त केले. असा किडा लागलेलं झाड मी दुसरीकडे नेत नाही. चांगल्या फड्यांचं वेगळंच. खाली पडलेली एक फडीही मुळं धरते, म्हणून तोडलेलं सामान नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू देत नाही. खोल खड्ड्यात पुरायला लावतो.

झाड जगवून हलवायचं तर मी माघ-फाल्गुन पकडतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात मुळांना चिकटून बसते आणि तुटलेलं मूळ कुजतं. वैशाखात तीच माती तडकून दगड होते. घायपाताची मुळं खोल जात नाहीत, पसरतात. म्हणून बुंध्यापासून हातभर लांबून गोल चर खणायचा आणि पहार तिरकी घालून झाड हळूहळू उचलायचं. दोर बांधून ओढायची घाई केली की बुंधा मुळापासून फाटतो. उन्हाकडच्या बाजूला चुन्यानं खूण करून ठेवायची. नव्या जागी ती फिरली, तर सावलीत वाढलेली पानं ऊन लागून करपतात. मुळांच्या जखमा सावलीत आठवडाभर सुकू द्यायच्या आणि मुरूम-खडीचा उंचवटा करून वर लावायचं. पाणी लगेच द्यायचं नाही. घरच्यांना हेच सर्वांत अवघड जातं. नवं झाड लावलं की त्यांचा हात आपोआप बादलीकडे जातो.

देवासच्या एका आजींच्या परसात घायपाताला मधोमध जाड दांडा फुटला होता. त्या म्हणाल्या, “याला आता काढूनच टाका, पार अंगावर येतोय.” मी हात लावला नाही. घायपात कित्येक वर्षांतून एकदाच फुलतो आणि फुलून झाला की वाळतो. हलवून तो वाचत नाही. “आजी, ही याची शेवटचीच खेप. एवढं होऊ द्या,” म्हणालो. बुडाशी पिल्लं होती. ती सुटी करून त्यांच्या कुंडीत लावून दिली. वाळल्यावर मूळ झाड सहज निघालं, पहारीचं फारसं काम पडलं नाही.

झाड हलवणं मी धंदा म्हणून करतो आणि तरी मांडवगडच्या गोरखचिंचांचं प्रकरण मला पटलं नाही. खोडात पाणी साठवणारी ती आफ्रिकेची प्रचंड झाडं धार जिल्ह्यातल्या शेतांतून उखडून हैदराबादच्या एका बागेसाठी नेली जात होती. गावकरी आडवे आले आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयानं ते थांबवलं. परसातला घायपात एका भिंतीजवळून दुसऱ्या भिंतीजवळ गेला तर त्याचं हवामान तेच राहतं, पाखरं तीच राहतात आणि गरज पडली तर पाहायला मी सायकलवरून जाऊ शकतो. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या ओळखीचं झालेलं झाड ट्रेलरवर चढवून परराज्यात नेणं मला मान्य नाही, दाम कितीही मिळो. असं काम आलं तर मी सरळ नाही म्हणतो.