चला, कन्हेरीला ट्रेनिंगला!

'स्किल अपग्रेडेशन' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉटेलचा एसी हॉल, प्रोजेक्टर, अकरा वाजताची कॉफी-बिस्किटं आणि शेवटी फीडबॅक फॉर्म. सगळ्या रकान्यांत 'एक्सलंट' लिहायचं आणि सोमवारी पुन्हा जुन्याच पद्धतीनं कामाला लागायचं. बिल कंपनीचं, वेळ कंपनीचा. आपलं जातंय काय?

या वीकएंडला जरा वेगळ्या ट्रेनिंग सेंटरला जाऊ या. तिथं चाळिशी-पन्नाशीतली माणसं सतत काहीतरी नवं शिकत असतात. फरक एवढाच, की चुकलं तर बिल त्यांच्याच नावावर फाटतं. गाव : कन्हेरी, तालुका बारामती.

पुण्याहून सकाळी लवकर निघा. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव असं करत बारामती साधारण शंभर किलोमीटर. वाटेतलं सासवड हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जेजुरी मागे पडली की दोन्ही बाजूंना माळरान सुरू होतं. बाभळी, मेंढ्या, बाजरीची नाहीतर ज्वारीची रानं. हा तालुक्याचा जिरायती पट्टा. बारामतीजवळ कालवा आडवा येतो आणि कुणीतरी चॅनल बदलावा तसं चित्र पालटतं. हिरवागार ऊस! त्याच तालुक्यातली ही बागायती बाजू. बारामतीतून इंदापूरच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात काटेवाडी-कन्हेरीचा परिसर लागतो.

टीव्हीवर कन्हेरी तुम्ही नक्की पाहिली असेल. इथला मारुती निवडणुकीत फेमस. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ याच मंदिरात फोडायची जुनी प्रथा. २०२४ मध्येही कॅमेरे इथं आले, नारळ फुटले आणि गाड्यांचा ताफा धुरळा उडवत निघून गेला. तुम्ही मात्र दर्शन घेऊन लगेच गाडीत बसू नका. जरा आजूबाजूचं शिवार बघा. दिसायला साधंच आहे. पण या पट्ट्यातला प्रत्येक उसाचा फड म्हणजे कुणीतरी मोठेपणी घेतलेलं शिक्षण आहे.

मुळात इथल्या माणसांना ऊस येत नव्हता. नीरा डावा कालवा आला १८८५ च्या सुमारास. आपल्याला वाटतं, पाणी आलं म्हणजे लोकांनी उड्या मारल्या असतील. तसं झालं नाही. पिढ्यान् पिढ्या पावसावर ज्वारी-बाजरी काढणाऱ्याला उसाचं गणितच ठाऊक नव्हतं. पाणीपट्टी, खत, मजुरी एवढा खर्च आधी करायचा आणि पैसे कधी? वर्ष-दीड वर्षानं. मग ज्यांना हे गणित येत होतं ते आले. सासवडकडचे माळी बागायतदार. त्यांनी इथल्या जमिनी खंडानं घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं पेटवली. जमिनीचा मालक बांधावर उभा राहून बघत होता. लागण कधी, पाण्याची पाळी किती दिवसांनी, खत किती, गुळाचा पाक नेमका कधी उतरवायचा. फुकटात ट्रेनिंग! शिवाय बुडाला असता तर खंडकऱ्याचा पैसा बुडाला असता. पुढे हळूहळू स्थानिक शेतकरीही उसात उतरले. सासवडच्या माळ्यांनी १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला, ती स्टोरी वेगळीच.

पण अर्धवट शिकलं की काय होतं, तेही इथंच बघायला मिळतं. पाणी आहे म्हणून द्यायचं, ही सवय जमिनीला भोवली. कालव्याखालची बरीच रानं पाणी साचून खारपड झाली, वर मीठ फुटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली. १९३२ मध्ये नीरेकाठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. म्हणजे पाणी घ्यायला शिकल्यावर पाणी आवरायला शिकायची वेळ आली. दुसरा धडा पहिल्यापेक्षा अवघड! नवं शिकणं जमतं हो, हातात बसलेलं विसरणं जमत नाही. नव्या सॉफ्टवेअरवर बसून जुन्याचे शॉर्टकट दाबणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आजचं उदाहरण घ्या. पूर्वी उसाच्या दोन सऱ्यांत तीन फूट अंतर असायचं आणि तीन डोळ्यांचं टिपरं थेट जमिनीत लावायचे. आता सल्ला असतो साडेचार-पाच फुटांच्या सरीचा, ट्रेमध्ये वाढवलेल्या एक डोळ्याच्या रोपांचा आणि पाटपाण्याऐवजी ठिबकचा. कागदावर सगळं पटतं. ऊन-वारा खेळतो, फुटवे चांगले येतात, पाणी वाचतं. पण पहिले काही आठवडे ते रान दिसतं कसं? रिकामं! बांधावरून जाणारा प्रत्येकजण विचारणार, "काय पाव्हणं, बेणं कमी पडलं का?" आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा. एवढे दिवस गावाच्या नजरा झेलायच्या आणि मध्ये 'अन-डू' नाही. आपल्याकडे प्रोजेक्ट फसला तर अप्रेझल बिघडतं. इथं दीड वर्षाचं उत्पन्न जातं आणि सोसायटीचं कर्ज तसंच उभं राहतं.

म्हणून शेतकरी भाषणानं हलत नाही. तो आधी बघतो. आपण त्याला अडाणीपणा म्हणतो, पण ते शुद्ध रिस्क मॅनेजमेंट आहे. आणि हे ओळखून उभारलेली संस्था बघायची असेल तर गाडी बारामतीच्या दुसऱ्या अंगाला, माळेगाव-शारदानगरकडे वळवा.

इथं अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं कृषी विज्ञान केंद्र आहे. ट्रस्ट १९७१ चा, अप्पासाहेब पवारांनी उभा केलेला. कृषी विज्ञान केंद्र ही कल्पना देशपातळीवरची. पहिलं केंद्र १९७४ मध्ये पाँडिचेरीला निघालं, आज देशात सातशेहून जास्त आहेत. कामाची पद्धत सोपी : विद्यापीठानं सांगितलेलं वाण किंवा तंत्र आधी केंद्रानं करून बघायचं. मग काही शेतकऱ्यांच्या रानात चाचणी आणि प्रात्यक्षिक. त्यानंतर बाकीच्यांना बोलवायचं. पहिली चूक शक्यतो संस्थेच्या रानात व्हावी, हा त्यातला खरा मुद्दा. शंभर वर्षांपूर्वी खंडकऱ्यानं नकळत केलं, तेच काम आता ठरवून करायचं.

ताजा धडा तर तुमच्या-आमच्या फील्डमधला आहे. एआय! मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं ट्रस्टनं उसासाठी प्रयोग सुरू केला. उपग्रहाची चित्रं, रानातले सेन्सर, हवामान केंद्र हे सगळं एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो : कुठल्या भागाला पाणी हवं, कुठं खत, कुठं रोगाची शंका. साधारण हजारभर शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. भारी वाटतं ना? पण बांधावरच्या माणसाचा प्रश्न तोच जुना. मोबाइल म्हणतो आज पाणी नको, आणि कालव्याची पाळी तर आजच आली आहे. पुढची कधी येईल, भरवसा नाही. ऐकायचं कुणाचं? हे कुठलंही अॅप शिकवत नाही. ते शेजारच्याचं रान बघून आणि त्याच्याशी चहावर बोलूनच कळतं.

आता जरा न आवडणारी गोष्ट. पहिला शिकतो तो, ज्याला एक एकर वाया गेलेला परवडतो. ज्याचं सगळं मिळून एकरभर आहे तो थांबतो. शहाणपणानं थांबतो, पण तोपर्यंत पहिल्यानं फायदा खिशात घातलेला असतो. आणि ट्रेनिंगला बोलावणं कुणाला जातं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. खुरपणीत दिवस काढणारी, रोग पहिल्यांदा जिच्या नजरेला पडतो ती बाई घरीच. तिच्यासाठी वर्ग ठेवायचा तर सकाळचा स्वयंपाक आणि संध्याकाळची धार यांच्या मधल्या वेळात ठेवावा लागतो. बाराच्या वर्गाला ती येईल, नऊच्या वर्गाला नाही. दारं उघडी ठेवून भागत नाही, घड्याळही बघावं लागतं.

तुमच्या ऑफिसातही हे आहेच की. संध्याकाळी सहानंतरच्या 'ऑप्शनल' कोर्सला कोण बसतं? ज्याला पाळणाघर गाठायचं नसतं तो. नवं टूल आधी कोण हातात घेतं? ज्याची नोकरी एका चुकीनं जाणार नसते तो. मग बाकीच्यांच्या नावापुढे 'बदलायला तयार नाही' असा शेरा पडतो. पुढच्या ट्रेनिंगला एचआरला एकच प्रश्न विचारा : शिकताना चुकलो तर पैसे कुणाचे जाणार? उत्तर 'तुमचे' असेल, तर लोक का शिकत नाहीत यावर सर्व्हे करायची गरज नाही.

वीकएंड प्लॅन
कसं जाल : पुण्याहून सासवड-जेजुरी-मोरगावमार्गे गाडीनं, किंवा एसटीनं बारामती. दौंडमार्गे रेल्वेही आहे. बारामतीहून कन्हेरी जवळच.
कधी : हिवाळ्यात. तेव्हा कारखाने सुरू असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, गाडी जपून चालवा. जानेवारीत कृषी विज्ञान केंद्राचं 'कृषिक' प्रदर्शन भरतं. तिथली पिकं स्टॉलवर मांडलेली नसतात, रानात उभी असतात.
वाटेत : मोरगावचा मयूरेश्वर, जेजुरीचा खंडोबा.
नियम एकच : कुणाच्याही रानात विचारल्याशिवाय शिरू नका. आधी बांधावर उभं राहून बघा. इथं सगळे तसंच शिकलेत.