अळूला थोरला भाऊ मानणारा मुलूख

आपल्याकडे परसदारी, न्हाणीचे पाणी जिथे जाऊन मुरते तिथे अळूचा एखादा वाफा हमखास असतो. त्याला कोणी मुद्दाम खतपाणी घालत नाही. श्रावणात वडीसाठी पाने खुडायची, पंगतीला फदफदे करायचे, एवढीच त्याची आठवण. पण याच अळूला घरातला थोरला भाऊ मानणारे लोक जगात आहेत आणि त्याच्या पाण्यासाठी ते वर्षानुवर्षे कोर्टात भांडले, असे सांगितले तर नवल वाटेल. हे लोक हवाई बेटांचे.

हवाई हे अमेरिकेचे ५० वे राज्य. ते १९५९ साली झाले. पण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून ते सुमारे ३,८०० किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या मध्यावर आहे. मोठी बेटे आठ, आणि सगळीच ज्वालामुखीतून वर आलेली. सर्वांत मोठ्या बेटावरचा किलाउएआ ज्वालामुखी आजही अधूनमधून तप्त लाव्हा ओकतो, तर त्याच बेटावरच्या ४,२०७ मीटर उंच मौना केआच्या माथ्यावर थंडीत बर्फ पडते. पावसाची तऱ्हा आपल्या सह्याद्रीसारखीच. काउआई बेटावरच्या वायालेआले डोंगरावर वर्षाला ९ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच बेटाची पश्चिमेकडची कड मात्र आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखी कोरडी. ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सारा इतिहास या ओल्या आणि कोरड्या बाजूंचा आहे.

होड्यांतून आलेले बियाणे

सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या बेटांवरून पॉलिनेशियन लोक जोडहोड्यांतून येथे आले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटा आणि पक्षी पाहून त्यांनी हजारो किलोमीटर समुद्र ओलांडला. ही दंतकथा नाही, हे दाखवण्यासाठी १९७६ साली तशीच एक जोडहोडी बांधून लोक कुठलेही यंत्र न वापरता हवाईहून ताहितीला जाऊन पोहोचले.

शेतकरी माणूस गाव सोडताना काय बरोबर घेतो? बियाणे. या लोकांनीही तेच केले. त्यांच्या होड्यांत अळू होता, ऊस होता, केळी, नारळ, रताळे होते आणि आपली हळदसुद्धा होती. हळदीला ते ओलेना म्हणतात. तिने कापड रंगवतात, औषधात घालतात आणि खारट पाण्यात मिसळून जागा पवित्र करण्यासाठी शिंपडतात. हळदीचे पावित्र्य आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

पण या सगळ्यांत मान अळूचा. त्याला तेथे कालो म्हणतात. त्यांची कथा अशी: आकाशपिता वाकेआ याला पहिले मूल झाले ते मृत जन्मले. ते घराजवळ पुरले, तेव्हा त्या जागी अळूचे रोप उगवले. पुढे दुसरा मुलगा झाला, त्याचे नाव हालोआ. हवाईची माणसे त्याचे वंशज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ आणि माणूस धाकटा. धाकट्याने थोरल्याची सेवा करायची आणि थोरल्याने धाकट्याला पोसायचे. अळूच्या मूळ कंदाला जी पिले फुटतात त्यांना ओहा म्हणतात. त्यावरूनच कुटुंबासाठी ओहाना हा शब्द आला.

त्यांचे रोजचे अन्न म्हणजे पोई. अळूचे कंद उकडून लाकडी परातीत दगडी बत्त्याने कुटायचे आणि पाणी घालून चिकट लगदा करायचा. एक-दोन दिवस ठेवला की आंबिलासारखा आंबूस होतो. तो बोटांनी खातात. पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडण काढायचे नाही, वाईट बोलायचे नाही, असा जुना दंडक आहे, कारण थोरला भाऊ पानावर बसलेला असतो!

डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत

तिकडचा अळू मुख्यतः आपल्या भाताच्या खाचरासारख्या बांध घातलेल्या शेतात, वाहत्या पाण्यात वाढतो. कंद काढायला साधारण वर्ष लागते. पाणी थंड आणि खेळते हवे, साचून तापले की कंद सडतो. म्हणून पाण्याची व्यवस्था चोख ठेवावी लागे.

जमिनीची विभागणी त्यांनी पाण्यावरूनच केली होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा एक पट्टा म्हणजे एक आहुपुआआ. वर जंगल, मध्ये अळूची खाचरे, खाली मासे पाळायची तळी. ओढ्याला दगडांचा बांध घालून पाट काढत, आणि खाचरांतून फिरलेले पाणी पुन्हा ओढ्यात सोडत. जो घरटी माणूस पाट उपसायला येई त्याला त्या मानाने पाणी मिळे. जो अंग चोरी त्याचे पाणी तुटे. धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी जसा पाणी वाटतो, तसा त्यांचा कोनोहिकी हे पाहत असे. पाण्याला ते वाइ म्हणतात आणि संपत्तीला वाइवाइ. ज्याच्याकडे पाणी तो श्रीमंत, हे आपल्यालाही पटेल.

ऊस आला, पाणी गेले

१७७८ साली कॅप्टन जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्दीची जहाजे येथे आली. मागोमाग व्यापारी आले आणि रोगराईही आली. गोवर-देवीसारखे आजार लोकांच्या अंगी कधी लागलेले नव्हते. लाखांनी असलेले मूळ रहिवासी १८९० च्या शिरगणतीत सुमारे ४० हजार उरले.

राजा कामेहामेहाने १८१० पर्यंत सारी बेटे एका छत्राखाली आणली होती. त्याच्या वारसांच्या काळात, १८४८ साली, जमिनीची खाजगी मालकी सुरू झाली. कसणाऱ्याने मोजणी करून दावा लावायचा, तरच जमीन नावावर. ज्यांना कागद माहीत नव्हता त्यांची जमीन गेली. साध्या कुळांच्या वाट्याला शंभरात एक हिस्साही आला नाही. १८५० पासून परदेशी माणसालाही जमीन विकत घेता येऊ लागली आणि उसाचे मळे वाढत गेले.

ऊस होता कोरड्या बाजूला आणि पाणी ओल्या बाजूला. मळेवाल्यांनी डोंगर फोडून कालवे आणि बोगदे काढले. कामाला माणसे हवीत म्हणून चीन, जपान, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपीन्स येथून तीन लाखांच्या वर मजूर आणले. त्यांच्या गळ्यात नंबरचे बिल्ले असत आणि हाक नावाने नव्हे तर नंबराने मारली जाई. राजा कालाकाउआ १८८१ साली जगप्रवासाला निघाला, तो मजुरांच्या शोधातही होता. त्या प्रवासात तो कलकत्त्याला उतरून आगगाडीने मुंबईला आला होता. आपल्याकडून तेथे मजूर गेले नाहीत. गेले असते तर मॉरिशससारखी उसात राबलेली मराठी घराणी आज हवाईतही दिसली असती.

कालाकाउआच्या पश्चात त्याची बहीण लिलिउओकालानी राणी झाली. १७ जानेवारी १८९३ रोजी मळेवाल्या आणि व्यापारी मंडळींनी तिला गादीवरून काढले. त्या वेळी अमेरिकेचे नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९८ साली बेटे अमेरिकेत सामील झाली. या कृत्याबद्दल अमेरिकेच्या संसदेने १९९३ साली माफीचा ठराव केला. त्याला शंभर वर्षे जावी लागली.

ओढ्यांचा खटला

ओआहू बेटावर होनोलुलू ही राजधानी आहे. तेथे कोओलाऊ डोंगराच्या पोटातून बोगदे काढून वायाहोले कालवा १९१६ साली पुरा झाला. ओल्या बाजूचे पाणी रोज सुमारे दहा कोटी लिटर कोरड्या बाजूच्या उसाला जाऊ लागले. अळूवाल्यांचे ओढे आटले, खाचरे ओस पडली, तरणी पोरे शहरात गेली.

१९९५ च्या सुमारास तो ऊस बंद झाला. मग अळू करणारे म्हणाले, ‘उसासाठी नेलेले पाणी आता आमच्या ओढ्यात परत सोडा.’ कोरड्या बाजूचे जमीनमालक म्हणाले, ‘आम्हाला भाजीपाल्याला हवे, नव्या वसाहतींना हवे, गोल्फच्या मैदानांना हवे.’ भाजीवाल्याची गरजही खोटी नव्हती. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० साली निकाल लागला. पाणी कोणाच्या खाजगी मालकीचे नाही, सरकारने ते लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायचे, आणि ओढ्याला स्वतःपुरते पाणी उरले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. सारे पाणी परत आले नाही आणि वादही तेथेच संपले नाहीत. पण ओढे पुन्हा वाहते झाले. माउई बेटावरचा हवाईतला शेवटचा साखर कारखाना २०१६ साली बंद पडला, तेव्हा तेथेही हाच प्रश्न उभा राहिला.

पडीक राहिलेल्या उसाच्या रानात परदेशी गवत माजते आणि वाळते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउईवरचे लाहाइना हे जुन्या राजधानीचे गाव वादळी वाऱ्यात पेटलेल्या वणव्यात जळाले आणि शंभरावर माणसे गेली. एके काळी हे गाव पाटांचे, तळ्यांचे आणि अळूच्या खाचरांचे होते.

पाहुणा गेला तर

आपल्यापैकी कोणाचा मुलगा, लेक नोकरीनिमित्त अमेरिकेत असेल आणि कधी हवाईला जाण्याचा योग आला, तर समुद्रकिनाऱ्यावरच थांबू नये. काउआईचे हानालेई खोरे पाहावे. हवाईतला सर्वांत जास्त अळू तेथे पिकतो. होनोलुलूत १८८२ साली बांधून झालेला इओलानी राजवाडा पाहावा. हुला हा नृत्यप्रकार नुसती करमणूक नव्हे. त्यात वंशावळ्या आणि देवदेवतांच्या कथा हातवाऱ्यांनी सांगतात. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली त्यावर बंदी आली होती. कालाकाउआने त्याला पुन्हा मान दिला.

खाण्यात पोई चाखावी आणि तोंड वाकडे करू नये. लाऊलाऊ म्हणजे अळूच्या पानात मांस किंवा मासळी बांधून वाफवलेली पुडी. शाकाहारी माणसाने चौकशी करून खावे. मजुरांनी आणलेले पदार्थही आता तिथलेच झाले आहेत. पोर्तुगीजांनी गोव्याला पाव दिला, तसा हवाईला साखरेत घोळवलेला तळीव मालासादा दिला. जपान्यांमुळे आलेला किसलेल्या बर्फाचा रंगीत गोळा पाहिला, तर आपल्या जत्रेची आठवण येईल.

आणि परत आल्यावर परसातल्या अळूकडे एकदा नीट पाहावे. त्याला पाणी कुठून येते, आपल्या शेजाऱ्याला किती मिळते आणि ओढ्यात किती उरते, एवढा हिशेब त्या दूरच्या भाऊबंदांनी आपल्या अळूपायी मांडला. तो आपल्यालाही मांडावा लागणारच आहे.