खाणीने मागे ठेवलेली खोली

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात किडस्टन नावाची जागा आहे. टाउन्सव्हिल शहरापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत, कोरड्या झुडपी मुलखात. १९०७ साली तिथे सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. पुढे १९८५ ते २००१ या काळात अजस्र यंत्रांनी तिथली जमीन उकरून नेली. सोनं संपलं, खाण बंद पडली आणि मागे वाइझेस व एल्ड्रिज नावाचे दोन प्रचंड खड्डे उरले.

अशा खड्ड्यांचं पुढे काय होतं, हे खाणपट्ट्यातल्या माणसाला विचारावं. कुंपण पडतं, पाटी लागते, पावसाळ्यात पाणी साचतं आणि गावाच्या वाट्याला येते ती पोरंबाळं तिकडे फिरकू नयेत ही धास्ती. जमीन गेली ती गेलीच. मला हा व्यवहार फार अन्यायाचा वाटतो.

किडस्टनला मात्र कुणीतरी त्या खोलीकडे नीट पाहिलं. खड्डे शेजारीशेजारी. खाणीसाठीच बांधलेलं कॉपरफील्ड नदीवरचं धरणही जागेवर. मग वाइझेसभोवती बांध घालून पाण्याची पातळी उंच करायची, एल्ड्रिज खालचा तलाव म्हणून वापरायचा आणि वीजघर जमिनीच्या पोटात, असा बेत ठरला. दुपारी उन्हाची वीज उदंड असते तेव्हा पाणी वर चढवायचं, दिवेलागणीला खाली सोडायचं. दोन्ही कामांना यंत्र एकच: एका दिशेने फिरलं की पंप, उलट फिरलं की टर्बाइन. १२५ मेगावॉटचे दोन संच आणि आठ तास पुरेल एवढं पाणी, असा हा आराखडा. बांधकाम २०२१ मध्ये सुरू झालं. वेल्समध्ये तर डिनॉर्विगची पाटीच्या दगडाची खाण १९६९ मध्ये बंद पडली आणि १९८४ मध्ये त्याच डोंगराच्या पोटात असं वीजघर सुरूही झालं.

आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या घाटघरलाही १२५ मेगावॉटचेच दोन संच आहेत. तिथे कड्याची उंची सह्याद्रीने फुकट दिली. वरच्या तलावातलं पाणी शहापूरच्या बाजूला उतरतं आणि पुन्हा वर चढतं. ज्या मुलखाला सह्याद्री नाही, त्याने खाणीच्या खोलीकडे पाहावं, एवढंच किडस्टन सांगतं.

हिशेब मात्र कडक आहे. एक घनमीटर, म्हणजे टनभर पाणी शंभर मीटर खाली आलं, तर वीज मिळते जेमतेम पाव युनिट. घरातला एक पंखा तीनेक तास फिरेल एवढी. त्यात वर चढवायला शंभर युनिटं लागली तर परत मिळतात साधारण पंचाहत्तर ते ऐंशी. तरीही सौदा तोट्याचा नाही, कारण दुपारची नको असलेली वीज संध्याकाळी, नेमकी हवी तेव्हा हाती येते.

पण प्रत्येक खड्डा या कामाचा नसतो. पाणी रोज चढलं-उतरलं की खाणीच्या उभ्या भिंती ढासळू शकतात. खडकात गंधक असेल तर पाणी आम्लधर्मी होतं आणि यंत्रांचं लोखंड खातं. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खुल्या खाणी पाहा: मुलूख सपाट, उंची म्हणावी तर ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांची, आणि ती माती सैल. तिच्यावर तलाव बांधणं म्हणजे खालच्या वस्तीच्या जिवाशी खेळ. गोव्यात लोहखनिजाच्या खड्ड्यांतलं पाणी काही ठिकाणी शेतीला जातं. तिथे तोच उपयोग चांगला, वीजघराचा हट्ट नको.

आपल्याकडे खाणीला मंजुरी घेतानाच ती बंद करण्याचा आराखडाही द्यावा लागतो. तुमच्या भागात नव्या खाणीची जनसुनावणी लागली, तर अवश्य जा आणि नोकऱ्यांच्या आकड्यांइतकंच ठासून विचारा: माल संपल्यावर खड्डा किती खोल उरणार, भिंती कशा राखणार, पाणी कसं असणार आणि त्या खोलीचा उपयोग कोण करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.